नवजात बालकाच्या त्वचेवरील फोड : निदान आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपल्यासमोर जमाखर्चाचा गोषवारा ठेवत असतो. ते सर्व आकडे याच अहवालात अन्यत्र दिलेले आहेत, म्हणून त्यांची पुनरुक्ती आज करीत नाही. यंदा अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने मी वेगळा विषय घेतला आहे. नवजात बालकाच्या अंगावर फोड दिसले तर त्यांचे निदान कसे होते, हा तो विषय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. जे सांगणार आहे ते आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांकडून शिकलेले आहे व भाषणाचा मसुदा त्यांनी तपासून दिला आहे. तरीही हा विषय मी निवडला, कारण अशा एका निदानात माझ्याच टेबलावरील कागदामुळे अडथळा आला होता.

काही वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातील ती रात्र. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या एका मातेच्या तीन दिवसांच्या बाळाच्या छातीवर, पोटावर व मांड्यांवर तांबूस चट्टे उठले आणि त्यांच्या मध्यभागी पिवळसर पुटकुळ्या दिसू लागल्या. बाळ दूध व्यवस्थित पीत होते, ताप नव्हता. रात्रपाळीच्या डॉक्टरांना हा प्रकार निरुपद्रवी असावा असे वाटत होते, परंतु नवजात बालकाच्या बाबतीत केवळ वाटण्यावर विसंबून राहण्यास त्यांचे मन धजेना. एक पुटकुळी निर्जंतुक सुईने उघडून तिच्यातील द्राव काचपट्टीवर घ्यावा, तो गिम्सा नावाच्या रंजकाने रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, एवढेच करावयाचे होते. प्रयोगशाळेत ते रंजक नव्हते. बाटली संपून महिना झाला होता. मागणीपत्र माझ्याकडे आले होते आणि त्यावर माझ्या हस्ताक्षरात शेरा होता : ‘वापर अल्प. पुढील तिमाहीत विचार करावा.’

शेवटी बाळाला रुग्णवाहिकेतून कोल्हापूरला पाठविण्यात आले. सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता, मुसळधार पाऊस आणि आंबा घाट. सोबत वडील आणि आजी गेली. टाके ओले असलेली आई येथेच राहिली. तिकडे काचपट्टी पाहिली गेली, निदान निरुपद्रवी पुरळाचे झाले आणि तिसऱ्या दिवशी बाळ सुखरूप परत आले. परंतु दरम्यान त्याला वरचे दूध द्यावे लागले, आईची छाती दुधाने दाटून तिला ताप भरला आणि वडिलांना हातउसने पैसे काढावे लागले. त्यांनी तक्रार केली नाही. उलट जाताना ते माझ्या कक्षात येऊन आभार मानून गेले. ते आभार स्वीकारणे मला फार जड गेले.

त्यानंतर मी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारले, की एवढ्याशा पुटकुळीत ओळखायचे तरी काय असते? त्यांनी जे समजावून दिले ते थोडक्यात सांगतो.

जन्मतः बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा नाजूक असते. तिचे वरचे व खालचे थर एकमेकांना तितके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे फोड लवकर येतात. हीच त्वचा शरीरातील पाणी व ऊब राखून ठेवते आणि जंतूंना बाहेर अडवते. ती जेथे उघडी पडते तेथून या तिन्ही गोष्टींना धोका पोहोचतो.

असे असले तरी बहुतेक बालकांच्या अंगावरील पुटकुळ्या निरुपद्रवी असतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या त्या बाळाला जे झाले होते त्याला एरिथेमा टॉक्सिकम म्हणतात. नावात विष असले तरी रोगात नाही. पूर्ण दिवसांच्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्या बालकांत ते दिसू शकते. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते, तळहात व तळपाय सोडून देते आणि काही दिवसांत आपोआप मावळते. पुटकुळीतील द्रावात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी विपुल दिसतात, हीच त्याची खूण. दुसऱ्या एका निरुपद्रवी प्रकारात पुटकुळ्या जन्मतःच असतात, त्या सहज फुटतात व मागे तपकिरी ठिपके उरतात. आपल्या कोकणच्या दमट उन्हाळ्यात, त्यातही शेगडी पेटवलेल्या बाळंतिणीच्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या बाळाला दवबिंदूंसारखे घामोळे येते. ते खोली हवेशीर केली की जाते. काही बाळे गर्भातच आपले मनगट किंवा बोट चोखत असतात व तेथे जन्मतः एखादा फोड दिसतो. या सर्वांना औषध लागत नाही. लागते ते आईला समजावून सांगणे.

धोका आहे तो उरलेल्या थोड्या बालकांना, आणि तेथे वेळ दवडून चालत नाही.

पहिला धोका स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा. बेंबीभोवती, जांघेत, दुपट्याच्या जागी पातळ सालीचे लिबलिबीत फोड येतात. काही वेळा या जिवाणूचे विष रक्तातून पसरते, तोंडाभोवती व मानेवर लाली येते आणि हलक्या हाताने चोळले तरी भाजल्यासारखी साल सुटते. प्राग शहरातील अनाथ बालकांच्या आश्रमात गॉटफ्रीड रिटर या वैद्यांनी दहा वर्षांत अशी २९७ बालके पाहिली व १८७८ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जिवाणू एका बाळाकडून दुसऱ्याकडे बहुतेक वेळा आपल्याच हातांनी जातो. म्हणून नवजात कक्षाच्या दारातील पाण्याचा नळ, साबण आणि हात कोरडे करण्याची सोय या गोष्टी मी आता किरकोळ खर्चात धरीत नाही.

दुसरा धोका हर्पिसच्या विषाणूचा. लाल बुडावर पाण्याचे बारीक फोड, बहुधा एकाच जागी पुंजक्याने, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतात. बहुसंख्य प्रसंगी आईला आपल्याला हा संसर्ग असल्याची कल्पनाही नसते. तो शरीरभर पसरला आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक बालके दगावतात. ॲसायक्लोव्हिरचे इंजेक्शन वेळेत सुरू झाले तर चित्र पालटते. त्वचेपुरता आजार असेल तर १४ दिवस व मेंदूपर्यंत पोहोचला असेल तर किमान २१ दिवस ते द्यावे लागते. आईला प्रसूतीपूर्वी पाच दिवस ते प्रसूतीनंतर दोन दिवस या काळात कांजिण्या उठल्या तर बाळालाही गंभीर कांजिण्यांचा धोका असतो. घरात ‘देवी आल्या’ म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरा धोका उपदंशाचा. तळहातांवर व तळपायांवर फोड दिसले तर डॉक्टर प्रथम आईच्या गरोदरपणातील व्हीडीआरएल तपासणीचा कागद मागतात. पेनिसिलिनसारखे जुने औषध येथे उपयोगी पडते, परंतु तो कागद सापडला पाहिजे. तळहात-तळपायांवर फोड येण्याचे दुसरे कारण साधी खरूज हेही असू शकते. तेव्हा घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते का, हा प्रश्न विचारावा लागतो.

याखेरीज काही आजार अनुवंशाने येतात. मुलींच्या हातापायांवर रेघोट्यांनी फोड उमटणारा एक दुर्मिळ आजार आहे, त्याबद्दल विस्ताराने बोलत नाही. परंतु एपिडर्मोलायसिस बुलोसा या आजाराविषयी सांगणे भाग आहे. यात त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनेच सदोष असतात. जेथे घर्षण होईल तेथे फोड येतो. आपल्या रुग्णालयात अशा एका बाळाच्या हाताला सलाईनची सुई चिकटपट्टीने बसविण्यात आली होती. पट्टी काढताना तिच्याबरोबर त्वचाही निघाली. आपल्या परिचारिका भगिनीने काहीही चूक केली नव्हती, रोजच्या पद्धतीनेच काम केले होते. पण ती भगिनी त्यानंतर कित्येक दिवस नीट जेवली नाही. त्या बाळाला पुढे मुंबईस पाठविण्यात आले. काही महिन्यांनी ते गेल्याचे वडिलांनी दूरध्वनीवरून कळविले.

या आजारावर प्रत्येक बालक पूर्ण बरे करणारा उपचार आजही नाही. तरीही निदानाला अर्थ आहे. निदान झाले की चिकटपट्टी, प्लास्टिकची ओळखपट्टी आणि नाळेचा कडक चिमटा टाळता येतो. बाळाला काखेत धरून न उचलता मऊ कापडासह खालून उचलता येते. फोड निर्जंतुक सुईने उघडून वरची साल तशीच ठेवता येते. सौम्य व तीव्र प्रकार वेगळे ओळखता येतात आणि आईवडिलांना खोटी आशा किंवा खोटी भीती दाखवावी लागत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी चारात एक अशी शक्यता राहते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी विवाह अनेक कुटुंबांत होतात, तेथे ही शक्यता विचारात घ्यावी लागते. पहिल्या बाळाची जनुकीय तपासणी झालेली असेल, तरच पुढील गर्भारपणात वेळेवर तपासणीचा सल्ला देता येतो. ते बाळ वाचले नाही तरी त्याचे निदान त्याच्या भावंडांच्या कामी येते. हे वडिलांना समजावून सांगण्यासही आपण तेव्हा उशीर केला.

एक कारण मात्र पुस्तकापेक्षा आपल्या परिसरात अधिक शोधावे लागते. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील. हापूसच्या देठाचा चीक, ओल्या काजूबीच्या टरफलाचे तेल आणि बिब्बा यांनी कातडी पोळते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बिब्बा ‘उतणे’ हा शब्दच आपल्या भाषेत आहे. चीक लागलेला हात धुतल्याशिवाय बाळाला लावला, किंवा दृष्ट लागू नये अथवा दुखणे जावे म्हणून बिब्ब्याचा वापर केला, तर त्या कोवळ्या त्वचेवर फोड येऊ शकतो. डॉक्टरांनी हे रागावून विचारले तर आजी सांगत नाही. जवळ बसून विचारले तर सांगते.

आता निदानाची रीत. आपले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, काचपट्टीच्या आधी चार प्रश्न. पहिला, फोड केव्हा आले, जन्मतः की नंतर, कितव्या दिवशी? दुसरा, कोठे आले? तिसरा, बाळ कसे आहे, दूध ओढते का, अंग गरम किंवा गार पडले आहे का, सुस्त आहे का? चौथा, आईचे आणि घराचे काय : तिचे आजार, तिचे अहवाल, नात्यातील विवाह, आधीचे एखादे बाळ गेले होते का? निरोगी दिसणाऱ्या, जोमाने दूध पिणाऱ्या बाळाच्या पुटकुळ्या आणि मलूल बाळाच्या पुटकुळ्या या दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत.

त्यानंतर काचपट्टी. ताज्या फोडाचे बूड हलकेच खरवडून, रंगवून पाहण्याची ही पद्धत त्झांक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १९४७ मध्ये रूढ केली. अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या तर हर्पिस किंवा कांजिण्या, इओसिनोफिल दिसले व बाळ खुशाल असले तर बहुधा निरुपद्रवी पुरळ. दुसरी पट्टी ग्राम रंजनाने रंगविली की जिवाणू दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात बुरशी दिसते. या सर्व गोष्टी तासाभरात होतात. ही चाचणी हर्पिस आणि कांजिण्या यांत भेद करू शकत नाही, आणि काही आढळले नाही म्हणून धोका टळला असेही ठरत नाही. म्हणून शंका असल्यास नमुना पुढील तपासणीसाठी पाठवून उपचार त्याच वेळी सुरू करावे लागतात. अहवालाची वाट पाहत औषध थांबविता येत नाही. काचपट्टीने डॉक्टरांचा विचार संपत नाही, त्याला दिशा मिळते.

बाळ घरी गेल्यानंतर काय? हर्पिससारखे फोड अनेकदा घरीच उठतात. येथे मला गडचिरोलीची आठवण होते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकाचा जंतुसंसर्ग ओळखण्याचे व उपचाराचे प्रशिक्षण दिले, आणि त्या गावांतील नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळ पाहतात. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आज या सभागृहात बसलेल्या आशाताईंना माझी विनंती आहे, की बाळ दुपट्यात गुंडाळलेले असेल तर ते उलगडून पाहा. डोके, जांघ, तळहात, तळपाय पाहा. फोड असेल तर तो फोडू नका, त्यावर हळद, तेल किंवा पावडर लावू देऊ नका. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, साल सुटत असेल किंवा पाण्याच्या फोडांचा पुंजका दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात आणा. आमच्यासाठी रात्र-अपरात्र नाही.

मागील वर्षी अशीच एक आशाताई चौदाव्या दिवसाच्या भेटीत एका बाळाच्या टाळूवरील चार फोड पाहून थांबली. घरच्यांनी ते घामोळे मानले होते. सायंकाळी बाळ येथे आले, काचपट्टीवर मोठ्या पेशी दिसल्या आणि ॲसायक्लोव्हिर त्याच रात्री सुरू झाले. पाठीतील पाण्याच्या तपासणीसाठी बाळाला पुढे पाठवावे लागले, पण यावेळी आई सोबत गेली आणि पहिली मात्रा येथूनच घेऊन गेली. ते बाळ आज रांगते आहे. गिम्साची बाटली त्या रात्री कपाटात होती, एवढीच माझी त्यात कामगिरी.

विश्वस्त मंडळाने याबाबत घेतलेले निर्णय आपल्या माहितीसाठी सांगतो. प्रयोगशाळेतील मूलभूत रंजके आणि ॲसायक्लोव्हिरचे इंजेक्शन आता किमान साठ्याच्या यादीत आहे. त्यांची मागणी मंजुरीसाठी माझ्याकडे येत नाही, साठा ठरलेल्या रेषेखाली जाताच खरेदी होते. मुदत संपण्याची तारीख दर महिन्यास पाहिली जाते. काही बाटल्या न वापरता फेकाव्या लागतात. लेखापरीक्षकांनी त्याबद्दल विचारणा केली तेव्हा मी तो खर्च लेखी समर्थनासह कायम ठेवला. रात्रपाळीच्या एका तंत्रज्ञास काचपट्टी रंगविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आहे. नवजात कक्षात न चिकटणाऱ्या पट्ट्यांचा वेगळा डबा ठेवला आहे. पालकांच्या संमतीने छायाचित्र पाठवून बाहेरगावच्या त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्याची सोय केली आहे. आणि बाळाला पुढे पाठवायचे झालेच तर, प्रकृती परवानगी देत असल्यास, आईला सोबत पाठविण्याचा नियम केला आहे.

रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकाची सेवा आहे, त्यामुळे परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हे कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद होतो आणि रात्र तेवढीच लांब राहते. त्या रात्रीचे पहिले काही तास आपल्यासारख्या रुग्णालयाच्या पदरात पडतात.

देणगीदार बंधुभगिनींनो, मोठ्या यंत्रावर आपल्या वडीलधाऱ्यांच्या नावाची पाटी लागावी ही इच्छा स्वाभाविक आहे आणि ती यंत्रे आपल्याला हवीच आहेत. पण काही शे रुपयांच्या रंजकाच्या बाटलीवर कोणाच्याही नावाची पाटी लावता येत नाही. यंदाच्या देणगीतील थोडा भाग आपण ‘दैनंदिन साठा’ या सदराखाली द्यावा, ही माझी नम्र विनंती.

तो जुना शेरा असलेले मागणीपत्र मी फाडले नाही. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. पुढील तिमाहीत विचार करण्याइतका वेळ तीन दिवसांच्या बाळाकडे नसतो, हे मला त्यावरून रोज वाचता येते.